बुंदीचा श्वास आणि झुंबरबाईचा हात

झुंबरबाईने आजवर किती जणांना मारलं हे कार्ल्यात कुणी मोजलेलं नाही. पण कुणाला कशाने मारलं हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. सहासीटर रिक्षावाल्याला छत्रीच्या मुठीने, रेशनच्या दुकानातल्या मापाड्याला त्याच्याच मापाने आणि सख्ख्या दिराला, दत्तोबाला, कामशेतच्या आठवडी बाजारात भर गर्दीत पायातल्या चपलेने. नवऱ्याला मात्र एकदाच. लग्नानंतर दोन वर्षं त्याने तिला मनाला येईल तेव्हा बडवलं. तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तीळ भाजता भाजता तिने उलथनं फिरवलं आणि त्याच्या तोंडावर ठेवून दिलं. पुढचा एक दात तुटून चुलीपाशी पडला. त्यानंतर तो माणूस मरेपर्यंत तिच्याशी नीट वागला. हात उचलला की माणूस ऐकतो, ही गोष्ट त्या दिवशी तिच्या मनात पक्की बसली ती बसलीच.

देवाने तिला मूल दिलं नाही. नवरा जुन्या हायवेवर ट्रकखाली गेला. मागे राहिलं ते पत्र्याचं घर, सोळा गुंठे भातखाचर आणि दिराशी बांधाचं भांडण. उंचीने बाई बेताची, पण भात झोडून झोडून मनगटं पुरुषासारखी झालेली. पंचावन्न उलटली तरी त्या मनगटांना उतार नव्हता. रोज सकाळी ती सहासीटरने लोणावळ्याला जायची, तुंगार्लीत मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता, तिथं झाडलोट, स्वयंपाक करायची आणि दुपारी तीनच्या सुमाराला परत यायची.

बुंदी तिला त्या बंगल्यातच मिळाली. भाद्रपदातली गोष्ट. बंगल्याचा वॉचमन एका लहानशा पॉमेरेनियन कुत्रीला साखळीने ओढत फाटकाकडे नेत होता. कुत्रीने पुढचे दोन्ही पाय फाकवले, मान लांब केली आणि तिच्या घशातून असा आवाज आला, जसं काही कुणी जुन्या सायकलचा रबरी भोंगा दाबतंय. भों, भों, भों. वॉचमन म्हणाला, "नाटकं करती साली," आणि त्याने साखळी वर उचलली. कुत्रीचे चारही पाय जमिनीवरून सुटले. झुंबरबाईच्या हातात खराटा होता. तिने खराट्याचा दांडा त्याच्या कोपरावर घातला, साखळी सुटली; दुसरा घातला पाठीवर. तो ओरडत फाटकाबाहेर पळाला. मालकिणीला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, फ्लॅटमध्ये ती रात्रभर खोकते हो, शेजारी तक्रारी करतात. तुम्हाला हवी असेल तर ठेवून घ्या." अशी इंग्रजी नावाची ती कुत्री भाजीच्या पिशवीत बसून कार्ल्याला आली आणि रंगावरून बुंदी झाली.

झुंबरबाईचं प्रेमही तिच्या हातासारखंच, मोजूनमापून नसायचं. दुधात कुस्करलेली भाकरी, वर तूप, चहाबरोबर खारी, संध्याकाळी चिक्कीचा तुकडा. दोन महिन्यांत बुंदीचं पोट जमिनीला टेकायला आलं आणि भोंगा दिवसाला दहा वेळा वाजायला लागला. झुंबरबाई एकवीरा आईच्या गडावर चढून गेली, खोकल्यासाठी काळा दोरा मंत्रून आणला, त्यात एक कवडी ओवली आणि बुंदीच्या गळ्यात पट्ट्याच्या खाली बांधला. रोज तिन्हीसांजेला देवापुढचं धुपाटणं बुंदीभोवती तीनदा ओवाळू लागली. खोकला वाढतच गेला.

दसरा झाल्यावर गडावर नवस फेडणाऱ्यांची रीघ लागते. बोकडं कापली जातात, पायथ्याच्या ओढ्यापर्यंत हाडं पडलेली असतात. अशाच एका दुपारी बुंदी अंगणात भोंगा वाजवत ओकाऱ्या काढायला लागली. शेजारची आक्काबाई कुंपणावरून म्हणाली, "आगं, हाड आडाकलंय तिच्या नरड्यात. काढ की!"

मग झुंबरबाईने ज्या हाताने माणसं सरळ केली त्याच हाताने बुंदीचा जबडा फाकला आणि दोन बोटं घशात घातली. बुंदी कधी कुणाला चावली नव्हती, ती चावली. रक्त आलं, तरी बाईने बोटं काढली नाहीत. हाड लागेना. मग तिला मागच्या पायांनी उलटं धरून पाठीत चार धपके घातले. चौथ्या धपक्याला भोंगा बंद झाला. बुंदीची जीभ बाहेर लोंबली, जांभळासारखी काळीनिळी.

हायवेवर झुंबरबाई चालत्या टेम्पोपुढे आडवी उभी राहिली. ड्रायव्हरने शिवी दिली, तिने दार उघडून त्याची कॉलर धरली आणि म्हणाली, "लोणावळा. न्हाईतर तुला हितंच पुरते."

जनावरांची डॉक्टरीण रेणुका तिची मुलगी शोभली असती एवढ्या वयाची. तिने बुंदीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला, सुई टोचली. जिभेला गुलाबी रंग यायला वीस मिनिटं लागली. मग गळ्याचा एक्स-रे काढून तो उजेडावर धरला.

"मावशी, घशात हाड नाहीये. काहीच नाहीये."

"मंग ती वकाऱ्या कशापायी काढती?"

"उसाच्या रसाबरोबर कागदी नळी देतात बघा. भिजली की ओढताना ती चपटी होते, रस वर येत नाही. हिच्या श्वासाच्या नळीचं तसं झालंय. नळी उघडी ठेवणाऱ्या कड्या मऊ पडल्यात. हिने जोरात श्वास घेतला की नळी मिटते, मग खोकला, आणि खोकल्याने ती आणखी सुजते."

"बरी कवा व्हनार?"

"बरी नाही होणार. सांभाळावी लागेल, कायमची. आणि आत बोटं कुणी घातली? घसा सगळा सोलवटलाय."

झुंबरबाईने पदर गुंडाळलेला हात मागे घेतला.

डॉक्टरणीने गळ्यातला पट्टा काढला. खाली केसांत रुतलेला काळा दोरा दिसला तशी तिने कात्री उचलली. झुंबरबाईने तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की घड्याळ फिरून तळव्याकडे गेलं.

"त्यो आईचा दोरा हाय. खोकल्यासाठीच बांधलाय."

"तोच खोकला आणतोय, मावशी. बुंदी जाड झाली, दोरा तेवढाच राहिला. सोडा हात, दुखतोय."

हात सुटायला थोडा वेळ लागला. मग झुंबरबाईने स्वतःच्या दोन्ही कानांना हात लावून आईची माफी मागितली, दाताने गाठ सोडवली आणि डॉक्टरणीने दिलेल्या छातीच्या पट्ट्याला तो दोरा बांधला. म्हणाली, "आई काय गळाच धरून बसलीय व्हय? छातीवर बांदला तरी तिला दिसंल." डॉक्टरीण मनगट चोळत हसली.

त्या दिवसापासून घराचा कारभार बदलला. भाकरी-तूप बंद, चिक्की बंद. उकडलेला भोपळा, कोंबडीचे चार तुकडे, वाटीने मोजलेला भात. चूल घराबाहेर गेली, आत गॅस आला. धुपाटणं तुळशीपाशी गेलं. दुपारी पत्रा तापायचा म्हणून वर पेंढा आणि ओलं पोतं. सकाळ-संध्याकाळ औषध, आणि दम्याच्या बाळांना देतात तसा पंप: एका टोकाला मास्क, तो बुंदीच्या नाकावर धरायचा, पंप दाबायचा आणि दहा श्वास मोजायचे. पहिले आठ दिवस बुंदी मास्क पाहून कॉटखाली पळायची. झुंबरबाईला दरडावता येईना. दरडावलं की भोंगा. मास्कला आतून दह्याचं बोट लावायचं तिचं तिलाच सुचलं. फाल्गुनापर्यंत बुंदीचं वजन साडेसहा किलोवरून पावणेपाचवर आलं. दिवसाला दोन-तीनदाच खोकायची.

एक गोष्ट मात्र झुंबरबाईला फार जड गेली. डॉक्टरीण म्हणाली होती, "हिला दचकवायचं नाही. घरात आरडाओरडा नको." बाईने ते कानाआड केलं. मग एका सकाळी नळावर तिची जावेशी, रतनबाईशी, जुंपली. रतनबाई म्हणजे दत्तोबाची बायको, तोंडाने तिखट. हंडे आपटले, शिव्या झाल्या, झुंबरबाईने तिची वेणी मनगटाला गुंडाळून डोकं नळाच्या खांबावर दोनदा आपटलं. जिंकून घरात आली तर बुंदी दारामागे आडवी पडलेली, छाती भात्यासारखी चाललेली, आवाज नाही, नुसता फेस. कुणी धूर केला नव्हता. कुणी गळा धरला नव्हता. तिच्याच ओरडण्याने झालं होतं. झुंबरबाईने पंप दाबला आणि दहा श्वास ओठांतल्या ओठांत मोजले.

मारणं थांबलं असं कुणी समजू नये. लोहगडाकडे जाणाऱ्या एका तरुणाने रस्त्याकडेच्या चहाच्या स्टॉलवर उभं राहून बुंदीच्या तोंडावर वाफेच्या सिगरेटीचा झोत सोडला, तेव्हा झुंबरबाईने बुंदीला आक्काबाईच्या हातात दिलं, वीस पावलं चालत गेली, त्याला गाडीमागे बोलावलं आणि दोन मुस्काटात दिल्या. फक्त ओठातून शब्द काढला नाही. आक्काबाई म्हणाली, "ही आता मुक्यानं मारती गं. ह्ये जास्त वाईट हाय."

वैशाख लागला आणि राबाचे दिवस आले. मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी रोपाच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या अंथरून, वर माती टाकून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. दोन-दोन दिवस धुमसतं ते, आणि धूर जमिनीलगत चालतो. दत्तोबाचा राबाचा तुकडा झुंबरबाईच्या मागच्या खिडकीपासून बारा पावलांवर होता. त्यावर कमरेइतका पाला रचून झाला होता. आता फक्त काडी ओढायची बाकी.

डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं, "मावशी, त्या धुरात बंद घरात ही एक तास राहिली तर मी काही करू शकणार नाही." झुंबरबाई सकाळी सातला घर सोडायची. तिच्या मागे दत्तोबाने राब पेटवला तर ती येईपर्यंत बुंदी मेलेली असणार. रोज बरोबर न्यावं तर सुट्टीचा हंगाम, मालक मंडळी बंगल्यात उतरलेली, आणि त्यांना खोकणारी कुत्री दृष्टीसमोर नको. ती मंडळी रविवारी मुंबईला परतणार होती. पुढच्या सोमवार-मंगळवारी बंगला रिकामा, बुंदीला घेऊन रात्रीही तिथंच राहता आलं असतं. तेवढ्या दोन दिवसांत राब भाजला की झालं. एवढंच मागायचं होतं. पण झुंबरबाईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती दत्तोबाच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. दत्तोबा खाटेवर बसून विळ्याला धार लावत होता. तिला पाहून तो उठला आणि विळा तसाच हातात राहिला.

"भावजी, भांडाया न्हाई आले. राब सोमवारी भाजा. त्याच्या आदी नको."

"का?"

"कुत्रीला धूर सोसत न्हाई."

रतनबाई दारातून खदखदून हसली. "ऐका! आता कुत्रीला इचारून शेती करायची. माजं डोकं खांबावर आपाटलं तवा न्हाई दम लागला कुणाला?"

दत्तोबा हसला नाही. विळा खाली ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, सहा वर्सं झाली. कामशेतच्या बाजारात माजे व्हनारे व्याही संगं होते. पोरीची सुपारी फुटायची होती. बांध म्या कोरला, व्हय, कोरला. पर तुमी मला त्यांच्यादेखत चपलेनं मारलं. सुपारी मोडली. पोरगी दोन वर्सं घरात बसली. कुटं गेलो तरी लोक माज्या गालाकडं बघत्यात."

झुंबरबाईची नजर त्याच्या गालावर गेली. सुपारी मोडल्याचं तिने ऐकलं होतं, आणि तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

"शनिवारी मारुतीची आरती झाली की पारापुढं या. सगळ्यांदेखत माजी एक खा. एकच. मंग तुमी म्हनाल त्या दिशी राब भाजतो. न्हाईतर रविवारी सकाळी पेटवतो, तुमी घरात असा नसा."

तीन दिवस झुंबरबाई पेटलेली होती. शुक्रवारी रात्री तिने फावड्याचा दांडा काढून दारापाशी ठेवला. दत्तोबाचा गुडघा फोडला तर महिनाभर तो राब भाजायला उठणार नाही, हा हिशेब सरळ होता. मग पोलीस येतील, तिला वडगावला नेतील. नेऊ देत. पण सकाळी सातला पंप कोण देणार? दह्याचं बोट मास्कला आतून लावायचं, बाहेरून नाही, हे आक्काबाईला कसं सांगायचं? दहा श्वास मोजताना आठवा अर्धाच असतो, तो धरायचा नाही, हे कुणाला कळणार? तिने दांडा परत फावड्यात ठोकला. ठोकतानाही बाहेर जाऊन, हळू.

शनिवारी संध्याकाळी पत्रा अजून तापलेलाच होता, वीज गेली होती. बुंदीला घरात ठेवता येईना. ओलं फडकं घालून तिला टोपलीत बसवलं आणि झुंबरबाई देवळाकडे निघाली. गावात बातमी आधीच पोचली होती. इतर शनिवारी आरतीला पंधरा माणसं असतात, त्या दिवशी शंभर होती. पोरांनी मोबाईल वर धरले होते. आरती संपली, पण प्रसादासाठी कुणी हात पुढे केला नाही.

झुंबरबाईने मारुतीला नमस्कार केला. टोपली पाराच्या सावलीत ठेवली, त्यावर फडकं ओढलं. मग दत्तोबापुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. धरावंच लागलं, ते हात तिच्या सांगण्यातले नव्हते.

"मारा," ती म्हणाली.

दत्तोबाने मारली. सहा वर्षं साठवलेली होती. कानात शिट्टी वाजली, खालचा ओठ दातावर फाटला, डोकं फिरून पारावर आदळता आदळता राहिलं. पाठीमागे तिची नखं स्वतःच्याच मनगटात रुतली. गर्दीतून "आयला!" असा एकच आवाज उठला, कुणीतरी शिट्टी मारली, आणि त्याच क्षणी फडक्याखालून भोंगा वाजला.

भों, भों, भों.

झुंबरबाई वळली आणि तिथंच मातीत बसली. बुंदीची मान लांब झालेली, पाय फाकलेले, जीभ कडेने निळी पडायला लागलेली. पोरं अजून ओरडत होती. झुंबरबाईने मान वर केली. ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं. ती एवढंच म्हणाली, तेही कुजबुजत, "आवाज करू नका. मरंल ती."

जिच्या आवाजाने आळीतली कवाडं लागायची, ती बाई कुजबुजली म्हणून असेल. पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी. कुणाचा तरी हात घंटेकडे गेला होता, तो शेजारच्याने धरला. मोबाईल खाली आले. शंभर माणसं भांडण बघायला जमली होती आणि आता त्यांना फक्त एका कुत्रीच्या नरड्यात हवा आत जाताना अडकते ती ऐकू येत होती.

झुंबरबाईने ओच्यातून पंप काढला. दही नव्हतं. तिने मास्कवर लागलेलं आपलंच रक्त पदराने पुसलं, डावा तळवा बुंदीच्या छातीखाली दिला, तिच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि नाकावर मास्क धरला. एक. दोन. तीन. चौथा आलाच नाही. देवळापुढे एकही माणूस हलला नाही. मग आला, शिट्टीसारखा बारीक. पाच. सहा. सात. आठवा अर्धा, तो तिने सोडून दिला. दहापर्यंत पोचायला फार वेळ लागला. दहा झाले तेव्हा भोंगा थांबला होता आणि जिभेच्या टोकाला रंग येत होता.

दत्तोबा होता तिथंच उभा होता. मारलेला हात त्याच्या अंगापासून जरा लांब लोंबत होता, ओला असल्यासारखा.

"आता झालं का नाटक?" रतनबाई गर्दीतून पुढे येऊन म्हणाली. "एक मारल्यानं काय व्हतंय? माज्या डोक्याच्या वाटचं कोन देनार? ह्यांनी उद्याच..."

दत्तोबा गर्रकन वळला. "तू गप गं!" म्हणत त्याने बायकोवर हात उगारला.

तो हात खाली आलाच नाही. बसल्या जागेवरून झटक्यात उठून झुंबरबाईने रिकाम्या हाताने त्याचं मनगट वरच्या वर धरलं होतं. भात झोडणारी बोटं त्याच्या हाडावर मिटत गेली. दत्तोबाने ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, गुडघ्यात वाकला. तोंड वेडंवाकडं झालं पण तोही ओरडला नाही. शंभर माणसांनी श्वास धरलेला असताना एकट्याने कसं ओरडायचं? सगळ्यांना दिसलं की मघाशी हीच बाई हात पाठीमागे बांधून उभी होती, आणि ते हात कुणी बांधलेले नव्हते.

"दिवस सांगा, भावजी," ती कुजबुजली.

"सोमवारी."

"कुनासमोर सांगताय?"

"मारुतीसमोर सांगतोय. सोमवारी, आट वाजल्यावर. आदी न्हाई पेटवत."

तिने हात सोडला. मनगटावर चार पांढरे वळ उठले होते, ते बघता बघता लाल झाले. रतनबाईने आपल्या नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग जावेच्या फाटलेल्या ओठाकडे, आणि ती एक पाऊल मागे सरली.

झुंबरबाईने टोपली छातीशी धरली. लोकांनी न सांगता वाट दिली. देवळाच्या कोपऱ्यावर आल्यावर तिने तोंडात साठलेलं रक्त गटाराच्या कडेला वाकून सोडलं, हळूच, आवाज होऊ न देता, आणि घराकडे निघाली.